चीफ आणि बुटरश्माल्त्स

सिंगापूरच्या तोआ पायोहमध्ये मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पगार विचारला नाही, मच्छी खातेस का विचारलं नाही, लग्नाचं तर नाहीच नाही. त्यांनी विचारलं, "जर्मन येतं?"

"नाही," मी म्हटलं.

"उत्तम. म्हणजे वाद घालणार नाहीस."

आणि मग माझ्या चपला पायात असतानाच त्यांनी मला बुटरश्माल्त्स या शब्दाची जन्मकथा सांगितली. बुटरश्माल्त्स म्हणजे तूप. जर्मन लोक तुपाला असं म्हणतात, हे मला तोवर माहीत नव्हतं आणि माहीत नसल्याचं दुःखही नव्हतं. आतून काकूंची हाक आली, "अहो, तिला बसू तरी द्या!" हाक कसली, आरोळीच ती. समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं, एक चिनी आजी बाहेर डोकावल्या आणि म्हणाल्या, "मिस्टर आहो, युअर वाइफ कॉलिंग यू, लाह!" त्या ब्लॉकमधले निम्मे लोक त्यांना मिस्टर आहो म्हणायचे. इतक्या वर्षांत इतक्या मोठ्याने एकच शब्द ऐकल्यावर दुसरं काय म्हणणार?

मला वाटलं, बाई भलतीच तापट दिसते आणि नवरा बिचारा साधा. दोन्ही अंदाज चुकले. तरी खोली मी घेतली, कारण खिडकीतून झाडं दिसत होती आणि स्वयंपाकघरातून खमंग वास येत होता.

आम्ही सगळे त्यांना चीफ म्हणायचो. गुहागरकडचा माणूस, जन्मभर जहाजांवर इंजिनं सांभाळली, चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि सिंगापूरलाच राहिले. घरात ते बॉयलर सूट घालत नसत एवढंच, बाकी सगळा कारभार इंजिन रूमचा. गिझर, पंखे, कुकरची शिट्टी, सगळ्यांची ठरल्या दिवशी तपासणी. मी पाण्यावर संशोधन करते, तेलकट सांडपाणी गाळणाऱ्या पडद्यांवर, असं सांगितलं तेव्हा ते खूश झाले.

"म्हणजे तू पाण्यातलं तेल काढतेस," ते म्हणाले. "मी जन्मभर तेलातलं पाणी काढलं. धंदा एकच आहे आपला. बाजू फक्त उलट."

जहाजाच्या इंधनात पाणी असतं. ते तापवून, घुसळून काढावं लागतं, नाहीतर इंजिन रुसतं. लोण्याचं तूप करणं म्हणजे चीफच्या मते हेच काम, छोट्या प्रमाणावर. "लोण्यातलं पाणी उडालं, बेरी खाली बसली, वर राहिलं ते तूप. उगाच त्यात पावित्र्य वगैरे आणू नका." असं म्हणणारा माणूस दर शनिवारी सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून तूप कढवायला उभा राहायचा, आणि तेवढा वेळ घरात कुणी शिंकलेलंही त्यांना चालत नसे.

तूप कढवायची त्यांची पद्धत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, यांना डॉक्टरची गरज आहे. जाड बुडाच्या पातेल्यात लोणी वितळलं, फेस आला, तडतड सुरू झाली. चीफनी खणातून हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. त्याचं टोक पातेल्याच्या कडेला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडावर दाबली आणि डोळे मिटले. इंजिनच्या बेअरिंगचा आवाज असाच ऐकतात म्हणे. बाहेरून काही कळत नाही, लोखंडातून सगळं कळतं. तुपातलं पाणी संपलं की तडतड थांबते, हे आपल्या बायकांना उभ्या उभ्या कळतं. चीफना त्यासाठी हत्यार लागायचं. त्या स्क्रू ड्रायव्हरला काकूंनी पळी आणि झाऱ्याच्या शेजारी जागा दिली होती आणि त्याने कुठलाही स्क्रू पिळायला सक्त मनाई होती.

आमच्या नागपूरच्या घरी तुपाचं एवढं कौतुक नव्हतं. तिथे रोजचं राज्य जवसाच्या चटणीचं, तूप यायचं ते आजारी माणसाच्या वरणभातावर. आईला फोनवर स्क्रू ड्रायव्हरचं सांगितलं तर ती म्हणाली, "म्हातारे हाय ना ते? मंग चालू दे." पण वेसाक डेला, म्हणजे आमच्या बुद्धपौर्णिमेला, चीफनी मला न विचारता खीर केली. त्यात त्या तुपाची धार इतकी सढळ होती की मी त्यांचे सगळे गुन्हे माफ केले. बुटरश्माल्त्ससुद्धा.

तर तो शब्द. चीफ तरुण होते, नुकतेच एका जर्मन जहाजावर चढलेले. घरून आणलेलं तूप संपलं होतं. थंडी, समुद्र खवळलेला, भात कोरडा. त्यांच्या वरच्या जर्मन साहेबाने त्यांचा चेहरा बघून एक डबा पुढे केला. चीफनी झाकण उघडलं आणि थेट गुहागरच्या स्वयंपाकघरात पोचले. तोच वास. त्यांनी भातावर ते ओतलं, वर मीठ घातलं, जेवले, पुन्हा घेतलं, पुन्हा जेवले. डबा निम्मा झाला तेव्हा जहाजाचा खानसामा तिथून चालला होता. त्याने डब्यावरचं नाव वाचलं. "श्माल्त्स होय," तो म्हणाला, "डुकराची चरबी. छान असते."

पुढचं चीफ उभं राहून सांगायचे. "मी कठड्याशी गेलो आणि समुद्राकडे बघितलं. उडी मारावी की ओकावं, एवढाच प्रश्न होता." दोन्ही केलं नाही. बंदर येईपर्यंत चहा आणि पावावर राहिले. घरच्या देवाची मनातल्या मनात माफी मागून झाली. प्रायश्चित्त काय असतं हे आईला पत्रातून विचारायचं ठरलं, पण कशाचं ते कसं लिहायचं सुचेना. बोट हॅम्बुर्गला लागली तसे ते खलाशांच्या वाचनालयात गेले आणि तिथला जाडजूड शब्दकोश टेबलावर आपटला. जर्मन मोडकंतोडकं येत होतं. पण भीती हा फार चांगला मास्तर असतो.

"श्माल्त्स म्हणजे वितळवून काढलेला स्निग्ध पदार्थ," ते सांगत. "वितळणे या क्रियापदापासून आला. कुणाचा वितळवला, ते त्यात नाही. नुसतं श्माल्त्स म्हटलं की आता बहुतेक जर्मनांना डुक्कर आठवतं, कारण घरोघरी तेच. म्हणून पुढे बुटर लावायचं. बुटरश्माल्त्स. लोणी कढवून काढलेलं. माझी गाय निघाली, डुक्कर नव्हे! त्या एका जोडशब्दाने माझा धर्म वाचवला."

इथवर सगळं ठीक होतं. पण एकदा कोश उघडलेला माणूस दुसरं पान उलटतोच. बुटर हा शब्द मुळात जर्मनांचा नाही, असा शोध चीफना लागला. ग्रीकांनी गाय आणि चीज हे दोन शब्द जोडून तो केला, तिथून तो रोमनांकडे गेला, तिथून वरती. "म्हणजे हा घरजावई!" चीफ टेबलावर हात मारत. "श्माल्त्स घरचा मुलगा. जन्मापासून राबतोय. आणि हा बुटर परगावाहून आला आणि पहिल्या पाटावर बसला." मग घरजावई येण्याआधी जर्मन लोण्याला काय म्हणत? हा प्रश्न तेच विचारत आणि समोरच्याला श्वास घ्यायची सवड न देता उत्तरही तेच देत. "आंके! आल्प्सच्या डोंगरात, स्विस खेड्यांत अजून म्हणतात. आणि हा आंके कुणाचा भाऊ? आपल्या आज्याचा! होमात घालतात ते आज्य, डोळ्यांत घालतात ते अंजन. मूळ अर्थ माखणं, चोपडणं. सगळी एका मुळाची पोरं."

हे मी किती वेळा ऐकलं ते विचारू नका. लिफ्टमध्ये ऐकलं, खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये कोपी, म्हणजे इथली कॉफी, पिताना ऐकलं. गॅसचा पाइप तपासायला आलेल्या तमिळ माणसाने ऐकलं. समोरच्या चिनी आजी तर आंके हा शब्द चीफपेक्षा चांगला उच्चारायच्या.

ऐकत नसे तो एकच माणूस, चीफचा जर्मन मित्र. हा मूळचा बव्हेरियातला, जहाजांची तपासणी करून निवृत्त झालेला, बुकित तिमाहच्या एका काँडोमध्ये राहणारा. काकू त्याला जर्मन भावोजी म्हणायच्या आणि तोही त्या हाकेला ओ द्यायचा. दर रविवारी येऊन वरणभात जेवायचा आणि चीफशी इंग्रजीत भांडायचा. त्याच्या दोन्ही कानांत मशीनं होती. "कानांत शेंगदाणे घालून फिरतो," चीफ त्याच्या तोंडावर मराठीत सांगत.

त्याचं म्हणणं साधं होतं. आमच्या आजीच्या गावात डुकराची असो की गाईची, सगळ्याला श्माल्त्सच म्हणायचे, त्यात एवढं रामायण काय? पण एका रविवारी तो तयारी करून आला. भातावर तूप वाढून घेतलं, ते बोटाने चाखलं आणि शांतपणे विचारलं, "हे तुमचं तूप. हा शब्द कुठून आला?"

"आमचा आहे," चीफ म्हणाले.

"प्राकृतात तुप्प. कन्नडमध्येही तुप्प. जाणकार म्हणतात, तो तुमच्याकडे दक्षिणेतून आला." त्याने चमचा चाटला. "म्हणजे तुमच्या घरात तर मुलगाच नाही. सगळा कारभार जावयाकडे."

चीफ जेवण अर्धवट टाकून उठले. आठवडाभर त्यांनी फोन घेतला नाही. कोश धुंडाळले, इंटरनेट पालथं घातलं, आणि शनिवारी पातेल्यापाशी उभे असताना मला म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. जगात कुणीच आपल्या तुपाला आपलं नाव दिलेलं नाही." मग आच कमी करत, "पण हे त्याला सांगू नकोस."

आता काकूंचं सांगते.

एकदा ताप आला म्हणून मी दुपारी घरीच होते. चीफ घोरत होते. पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेले तर काकू सकाळी बरणीत भरलेलं तूप पुन्हा पातेल्यात ओतून मंद आचेवर कढवत होत्या. तडतड चालू होती. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. तुपासाठी की चीफची झोप मोडू नये म्हणून, कळलं नाही.

"दर शनिवारी," त्या कुजबुजल्या. "हे अर्धकच्चंच उतरवतात. पाणी असतं त्यात. या हवेत ते तूप आठ दिवसांत आंबेल. ते झोपले की मी पुरं करते."

"पण ते स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकतात ना?"

काकूंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. तेव्हा सगळा उलगडा झाला. इंजिन रूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाचे कान गेले होते. बारीक, उंच आवाज आधी जातात. तुपाची तडतड गेली, कोकिळा गेल्या, दारावरची बेल गेली, आणि मग बायकोचा साधा आवाज गेला. चीफ म्हणत, "हल्ली लोक शब्द गिळतात." तपासणीचं नाव काढलं की, "मला काय धाड भरलीय?" म्हणून काकू ओरडायच्या. तापट कसल्या, त्या तर मुळात इतक्या हळू बोलणाऱ्या की लग्नात उखाणा कुणाला ऐकू गेला नव्हता म्हणे.

"आणि आधी हे इतकं बोलत नव्हते गं," काकू म्हणाल्या. "ऐकू येईनासं झालं तसं बोलणं वाढलं. आपणच बोलत राहिलं की दुसऱ्याचं ऐकावं लागत नाही ना. तो बुटर का फुटर, तो त्यांना फार सोयीचा आहे."

मी त्या घरात राहायला येऊन इतके महिने झाले होते, दोन पदव्या खिशात होत्या, आणि हे मला सुचलं नव्हतं.

त्याच आठवड्यात काकूंनी बॅग भरली. टॅम्पिनीसला त्यांची मुलगी राहते, तिच्याकडे कायमचं जायचं ठरवलं. एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, जेमतेम पाऊण तासाचं अंतर, पण काकू ते काशीला जाण्याच्या सुरात सांगत. "नातवंडं इंग्रजीत बोलतात, मला अर्धं कळत नाही," त्या म्हणाल्या, "पण मी बोललेलं त्यांना ऐकू तरी जातं. इथे मी माणूस असून भिंतीशी बोलते. ओरडून ओरडून माझा स्वतःचा आवाज मला आवडेनासा झालाय." चीफना त्यांनी हेही ओरडून सांगितलं होतं. चीफ म्हणाले, "जा की, चार दिवस बदल होईल." कायमचं हा शब्द त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता, किंवा त्यांनी तो पोचू दिला नव्हता.

"एवढं त्यांचं भाषण होऊ दे," काकू मला म्हणाल्या. "मग जाते."

भाषण म्हणजे इथल्या मराठी मंडळींची महिन्याची बैठक. कुणाचं तरी प्रवासवर्णन, कुणाच्या तरी मुलीचं भरतनाट्यम आणि मग वडे, असा तिचा नेहमीचा क्रम. त्या महिन्यात वक्ता मिळाला नाही आणि कुणीतरी चीफना विचारण्याची चूक केली. विषय अर्थातच ठरलेला. शिवाय प्रात्यक्षिक. व्यासपीठावर विजेची शेगडी, पातेलं, लोणी. "शब्दाचा अर्थ डोळ्यांनी बघता येत नाही," चीफ म्हणाले होते, "पण हा ऐकता येतो. आवाज थांबला की समजायचं, श्माल्त्स जन्माला आला."

 "घरी मी निस्तरते," भाषणाच्या दिवशी साडीला पिन लावताना काकू म्हणाल्या. "तिथे काय करू?"

हॉल भरला होता, वड्यांचा वास सुटला होता त्यामुळे. पहिल्या रांगेत काकू, मी आणि जर्मन भावोजी. चीफ त्या दिवशी खरोखर छान बोलले. हॅम्बुर्गच्या कोशापर्यंत लोक हसून लोळत होते, घरजावयावर तर शिट्ट्या पडल्या. मध्येच त्यांनी लोणी पातेल्यात टाकलं. चीफ सारखे शेगडीकडे वाकत म्हणून एका हुशार कार्यकर्त्याने माइक उचलून पातेल्याशेजारी ठेवला. झालं! तुपाची तडतड स्पीकरमधून हॉलभर घुमायला लागली.

चीफनी स्क्रू ड्रायव्हर काढला. पातेल्याला टेकवला, कानामागे दाबला, डोळे मिटले. सभागृह श्वास रोखून बघत होतं. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले, चेहऱ्यावर समाधान.

"ऐका," ते म्हणाले. "काही ऐकू येतंय?"

तड तड तड तड, असं चारी स्पीकर म्हणत होते.

"काही नाही! हीच ती शांतता. श्रोतेहो, हाच श्माल्त्स!"

 लोक आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मग खजिनदारांना ती शांतता सहन झाली नाही आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मराठी माणूस भिडस्त, एकाने टाळी दिली की दुसरा देतोच. सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांइतकं वाईट मी आजवर काही ऐकलेलं नाही. मला ओरडावंसं वाटलं, पण मीही हात वर केले होते टाळीसाठी.

पातेलं उतरवण्याआधी चीफनी घरच्या सवयीने काकूंकडे बघून भुवया उंचावल्या. घरी काकू मान डोलवायच्या. तेवढ्यासाठी तर त्या शेजारी उभ्या राहायच्या. या वेळी काकूंनी पर्स घट्ट धरली आणि मान आडवी हलवली. चीफना वाटलं, हिला समजलं नाही. त्यांनी पुन्हा भुवया उंचावल्या.

काकू उभ्या राहिल्या. अख्ख्या ब्लॉकला पाठ असलेल्या त्या आवाजात त्या म्हणाल्या, "अहो, नाही झालं! अजून तडतडतंय ते!"

टाळ्या थांबल्या. हे मात्र चीफना ऐकू गेलं. त्यांनी पुन्हा स्क्रू ड्रायव्हर लावला, आधी उजव्या कानामागे, मग डाव्या. बराच वेळ वाकून उभे राहिले. मग सरळ झाले आणि म्हणाले, "मला ऐकू येत नाही."

ते तुपाबद्दलच बोलत होते. पण माइक समोरच होता आणि ते वाक्य सगळ्या हॉलमध्ये जाऊन बसलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी काकू उभ्याच होत्या, बसायचं विसरून.

यानंतर दुसऱ्या कुणी रागाने पातेलं आपटलं असतं किंवा हसून वेळ मारून नेली असती. चीफ इंजिनिअर होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"इंजिन रूममध्ये एक गेज एक सांगायला लागलं आणि दुसरं दुसरं, तर आपण तिसरं बघतो," ते म्हणाले. "ज्यांना आवाज येतोय त्यांनी हात वर करा."

सगळा हॉल हात वर करून बसला. वड्यांच्या टेबलाशी उभे होते त्यांनीसुद्धा केले, काहींनी वड्यासकट. चीफनी पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत नजर फिरवली. घाई केली नाही.

"बरं," ते म्हणाले. "मग बिघडलेलं गेज कुठलं ते कळलं. हात खाली घेऊ नका. आवाज थांबेल तेव्हा घ्या."

आणि ते पुढे बोलू लागले. आंके, आज्य, अंजन, सगळं. पण नजर हातांवर. तडतड हळूहळू विरळ झाली, तसे हात उतरायला लागले. पुढच्या रांगेतल्या तीन ज्येष्ठांचे हात सगळ्यांत आधी खाली आले, मग त्यांनी मागे वळून बघितलं आणि घाईघाईने पुन्हा वर केले. तरुणांचे उतरले. माझा उतरला. काकूंचा उतरला. शेवटी संपूर्ण हॉलमध्ये एकच हात वर राहिला, जर्मन भावोजींचा. दोन्ही कानांत मशीनं, डोळे मिटलेले, हात ताठ. मग तोही खाली आला.

"आता," तो म्हणाला, मराठीत.

चीफनी शेगडी बंद केली. मग माइक हातात घेऊन इंग्रजीत म्हणाले, "ते कानातलं जरा काढून दाखव रे. कुठल्या कंपनीचं आहे?" या वेळी जी टाळी पडली ती खरी होती.

परतताना एमआरटीत ते गप्प होते. हे इतकं नवीन होतं की मला ब्रेक लागल्यासारखं झालं. दोन स्टेशनं गेल्यावर ते काकूंकडे वळले. "मग घरातलं तूप इतकी वर्षं बरोबर कसं लागत होतं?"

काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाहेर बोगदा होता.

"मी झोपल्यावर?" चीफनी विचारलं.

काकूंनी मान डोलवली. तोआ पायोहला उतरलो. सरकत्या जिन्यावर चीफ म्हणाले, "उद्या सकाळी जाऊ. कानवाल्याकडे."

मशीनं आली. आता सगळं छान झालं असेल असं तुम्हाला वाटेल, मलाही वाटलं होतं. पहिला आठवडा चीफनी घर डोक्यावर घेतलं. कोकिळेला शिव्या दिल्या, पहाटे कोण एवढं ओरडतं म्हणून. स्वतःच्या सपातांना दचकले. फ्रिजची मोटर इतके दिवस अशी घरघरतेय आणि मला कुणी सांगितलं नाही म्हणून आमच्यावर चिडले आणि ती उघडून बसले. आणि काकूंनी हाक मारली की दोन्ही कानांवर हात! "अगं हळू! किती ओरडतेस!"

काकूंच्या ते फार जिव्हारी लागलं. "या माणसासाठी मी घसा फोडून घेतला," त्या मला म्हणाल्या, "आणि आता मीच ओरडते?" हळू बोलायला जावं तर जमेना. आवाज एकतर आरोळी व्हायचा नाहीतर अगदीच पुटपुट. भरलेली बॅग दाराशी तशीच होती. "मशीन आलं," काकू म्हणाल्या, "माणूस कुठे आलाय? बोलतोय अजून आपलंच." मुलीला फोन झाला. रविवारी दुपारी जेवून निघायचं ठरलं.

त्या रविवारी जर्मन भावोजी आले नव्हते, आम्ही तिघंच होतो. वरणभात, दुधी भोपळ्याची भाजी, बांगडा. चीफ बोलत होते. आंके हा शब्द डोंगरातच का टिकला, याची त्यांना नवीन उपपत्ती सुचली होती. काकू खाली मान घालून जेवत होत्या आणि पुटपुटत होत्या, बऱ्याच वर्षांची सवय. "भाजीत मीठ नाही. पण सांगायचं कुणाला."

"थोडं कमी आहे," चीफ म्हणाले.

काकूंचा घास हातातच राहिला. "तुम्हाला ऐकू गेलं?"

"गेलं."

"मी तुमच्याशी बोलत नव्हते."

"मग कुणाशी?"

"माझी मीच. इतकी वर्षं तसंच बोलते."

चीफनी चमचा खाली ठेवला. आंके अर्ध्या डोंगरात राहिला. हे त्या घरात मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ते काकूंकडे बघत होते आणि मला दिसलं की ते घाबरले आहेत.

"काय काय बोललीस?" त्यांनी विचारलं.

"पुष्कळ."

"सांग मग."

"आता? सगळं?"

"सगळं."

"भांडण होईल."

"होऊ दे."

काकूंनी पदराने हात पुसले, खुर्ची जरा पुढे ओढली. मी ताट उचललं, माझ्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. भिंत पातळ होती. काकूंचा आवाज येत राहिला, न ओरडता, जरा घोगरा, अडखळत आणि मग न अडखळता. एकदा त्या हसल्या, एकदा बहुतेक रडल्या. टॅम्पिनीसहून फोन वाजला, वाजून थांबला, कुणी उचलला नाही. मध्येच चीफ म्हणाले, "हे मात्र असं झालं नव्हतं हं."

"मध्ये बोलू नका," काकू म्हणाल्या. "ऐका."